काजळी

तार्तूच्या त्या तळघरात हीटर कधीच पुरेसा तापत नाही.
हेल्वे मोज्यांवर मोजे चढवून उभी असते,
फॉर्मेलिनचा वास केसांत, कोटात,
डब्यातल्या काळ्या पावालाही.

समोरच्या ट्रेमध्ये मेंदूचा देठ.
अंगठ्याएवढा, सोललेल्या अळकुडीसारखा फिकट.
एवढ्याशा देठावर माणूस श्वास घेतो, गिळतो,
दार वाजलं की दचकून उठतो.

ती आडवा काप घेते
आणि भिंगाशिवायच दिसतात
दोन्ही बाजूंना दोन ठिपके,
खिशात पेन फुटून अस्तराला डाग पडावा
तसे निळे.

क्रमांक एकशे चौदा. वय ब्याऐंशी.
सांधेवाला, वाल्गा जंक्शन.
कागदावर बाकी काही नाही.
हा माणूस रात्री जागलेला आहे, हेल्वे म्हणते,
स्वतःशीच,
कारण असं म्हणता येत नाही हे तिला ठाऊक आहे
आणि डॉक्टर कुल्दार शेजारच्या खोलीत आहेत.

या जागं करणाऱ्या पेशी.
दर हाकेला त्यांच्यात थोडंसं काही जळतं,
आणि जळलेलं टाकायला अंगण नाही.
मग ते पदराच्या गाठीत.
कंदिलाच्या काचेला धरावी तशी काजळी धरत जाते,
वर्षानुवर्षं,
आणि काच पुसायला कुणी येत नाही.

एकदा तीन दिवसांच्या बाळाचा देठ आला होता,
तिच्या करंगळीच्या पेराएवढा.
पहिला काप. दुसरा. सातवा.
निळं कुठेच नाही.
पेशी होत्या सगळ्या, दाटीवाटीनं,
पण एकीनंही अजून काही साठवलं नव्हतं.
त्या दिवशी हेल्वेनं डबा उघडला नाही.
पाव तसाच घरी गेला.

सांधेवाल्याचा ठिपका गडद. पण भिंगाखाली विरळ:
खुर्च्या बऱ्याच, बसलेले थोडे,
बसलेल्यांच्या पोटात काळोख ठासून.
एक-दोन फुटलेल्या,
त्यांची सांडलेली शाई टिपायला
शेजारच्या बारक्या पेशी धावून आलेल्या.
मयताच्या घरी शेजारणी येतात,
आधी चूल सावरतात, रडतात नंतर.

त्याखाली ऑलिव्ह, चुरगळलेल्या बटव्यासारखं.
तिथल्या पेशींची तऱ्हा वेगळी.
त्यांच्यात पिवळं साचतं, तुपाच्या बेरीसारखं,
निम्मं घर त्यानंच भरतं,
केंद्रक सरकत सरकत भिंतीला लागतं.
तरी बहुतेक जणी जागा सोडत नाहीत.
का, ते कुल्दारनाही नीट सांगता येत नाही.
हेल्वेला त्या आवडतात.

रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी फोन.
व्होरूच्या वृद्धाश्रमातून आई, आलीडे.
"हेल्वे, चिमणीची झडप उघडी आहे ना?
निखारे अजून लाल असतील."

ती चूल पाडून एकोणीस वर्षं झाली.
लहानपणी आई अशीच उठायची,
अनवाणी, हातात मेणबत्ती,
झडप बघायची, मग मुलांच्या नाकाशी हात धरायची,
एकेकाच्या.
पाच मुलं. सगळी सकाळी उठली. रोज.

पूर्वी हेल्वे चिडायची.
कुठली झडप, कुठली चूल, झोप आता.
अलीकडे ती उठून बसते, दिवा न लावता.
गेल्या मार्चमध्ये तिनंही देहदानाचा फॉर्म भरला,
व्यवसायाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं, खोडलं,
पुन्हा तेच लिहिलं.

"बघून येते," ती म्हणते,
आणि खरंच स्वयंपाकघरापर्यंत जाते,
पावलं ऐकू जातील अशी.
"उघडी आहे, आई."

मग दोघी बोलत नाहीत. फोन ठेवत नाहीत.
बर्फ काढणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा
छतावरून एक फेरी मारून जातो.
सत्तर किलोमीटर अंतरावर एक श्वास,
इकडे एक.
थोडंसं काहीतरी जळत असतं,
दोन्हीकडे.